२०११ ची वॅगनआर, पासिंगला सहा महिने उरलेत: घ्यावी का आणि दुसऱ्या फेरीत काय तपासावं?

पहिली_गाडी:
वॅगनआर व्हीएक्सआय, पेट्रोल, २०११, एमएच ०९ पासिंग, पहिलाच मालक, मीटरवर ८२ हजार. गाडी सध्या पुण्यात आहे, मागतायत १ लाख ६५ हजार. आरसीची (नोंदणीची) मुदत नोव्हेंबर २०२६.

चालवून पाहिली. खराब रस्त्यावर पुढून डाव्या बाजूने खट्-खट् येतं. एसी गार करतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी. मागाहून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ आहे. गाडी तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर फिरत नाही. मालकांचं म्हणणं, बॅटरी जुनी झाली, बदलून टाका. इंजिन मला तरी ठीक वाटलं. ओळखीचा मेकॅनिक नाही. पुन्हा बघायला जाणार आहे, तेव्हा काय काय बघू? किंमत किती पाडून मागू?

दहाचा_पाना:
आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या, थंड झाल्यावरच पुढचं बघा. जुन्या इंजिनचे निम्मे दोष थंड स्टार्टलाच कळतात आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

हे के-सिरीजचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन. याला टायमिंग चेन असते, बेल्ट नाही. 'परवाच टायमिंग बेल्ट बदललाय' असं कोणी म्हणालं तर तो जुन्या १०६१ सीसीच्या वॅगनआरबद्दल बोलतोय किंवा थापा मारतोय. थंड स्टार्टला एक-दोन सेकंद खुळखुळ झाली तर चालेल, पण ती चालूच राहिली तर चेन किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) सैल आहे. ऑइल वेळेवर न बदलल्याचा तो परिणाम.

धूर बघायला मागे कोणाला तरी उभं करा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एकच भपका आला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह सील झिजलेत. चढावर रेस दिल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणजे इंजिन काम, म्हणजे नमस्कार करून घरी या.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत गंजाचं तांबूस पाणी असेल तर वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलंय. मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. तो पहिली काही मिनिटं थंडच राहायला हवा आणि मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडला की एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कोणीतरी काढून फेकलाय. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा, हा आपल्याकडचा रामबाण उपाय! मूळ दुखणं तसंच राहतं, वर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. अशा गाडीत रेडिएटर, कॅप, पंखा सगळंच संशयित धरा.

तीन सिलिंडर आहेत, त्यामुळे आयडलला थोडी थरथर असणारच. एसी लावल्यावर सीट हलायला लागली तर मात्र इंजिन माउंटिंग बसलंय.

क्लचसाठी: मोकळी जागा बघून हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. नुसती प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडते.

तांबडी_माती:
एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत तिकडे गाड्या बुडाल्यात. ही त्यातली असेलच असं नाही, पण तपासायला दहा मिनिटं लागतात.

चारही सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. रोज न लागणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर होतं. सीट पॉलिश करतात, बेल्टचं टोक कोणी धूत नाही. पुढच्या सीटच्या रेलचे बोल्ट, डॅशखालचे ब्रॅकेट आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गंज बघा. फ्यूजबॉक्सच्या मागच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखं दिसलं तर गाडी फुकट मिळाली तरी नको. इलेक्ट्रिकल दोष एक संपला की दुसरा येतो. आत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवायला लावा, मग दार उघडून वास घ्या.

अपघातासाठी बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा. पान्याने रंग उडाला असेल तर ते उघडलेत. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि सालाचा कोड असतो. एखादीच वेगळी निघाली तर विचारा का. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. फुटबोर्ड खालून बोटाने दाबून बघा. वरून चकचकीत आणि खालून पापड, असं पुष्कळदा निघतं.

मल्टिमीटर:
बॅटरीचं बोलतो. नवी टाकायच्या आधी मोजा, नाहीतर नवीही तीन दिवसांत उतरेल. माझा संशय त्या स्टिरिओवर आहे.

त्याला दोन लाइव्ह वायरी असतात. पिवळी बॅटरीची कायमची आणि लाल चावीवर येणारी. बसवणाऱ्याला चावीची लाइन सापडली नाही की तो दोन्ही एकत्र पिळून टेप मारतो. मग डिस्प्ले काळा दिसतो, पण आतला सेट झोपतच नाही.

साधा मीटर १० अँपिअरवर लावा (लाल प्रोब १० ए च्या भोकात), बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. दारं बंद, चावी बाहेर, वीस-तीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. समजा अर्धा अँपिअर निघाला: दिवसाला १२ अँपिअर-तास. ३५ एएच ची बॅटरी तीन दिवसांत सपाट! तुमच्या मालकांच्या वर्णनाशी बरोबर जुळतंय. जास्त निघालं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडला ती लाइन दोषी. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

दुरुस्ती स्वस्त आहे: लाल वायर वेगळी करून लाइटर सॉकेटच्या फ्यूजवरून घ्या, मध्ये स्वतंत्र फ्यूज घाला. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. त्याखाली असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा.

आणि चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटतो ना, ते बघा. पेटून स्टार्ट झाल्यावर विझायला हवा. पेटतच नसेल तर कोणीतरी तो बंद केलाय.

पहिली_गाडी:
स्टिरिओचं डोक्यातच आलं नव्हतं. एसीला मालक म्हणतात गॅस टॉप-अप केला की झालं. खट्-खट् कशाची असेल?

दहाचा_पाना:
गॅस संपत नसतो, गळतो. आधी लीक शोधायचा (नायट्रोजन भरून साबणाचं पाणी किंवा यूव्ही डाय), मग किमान अर्धा तास व्हॅक्युम, मग वजनाने मोजून आर१३४ए (एसीचा गॅस). किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. अंदाजाने भरून देणाऱ्याकडे जाऊ नका, जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं. लीक कूलिंग कॉइलमध्ये निघाला तर डॅश उतरवावा लागतो, तो खर्च गृहीत धरा. त्याआधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते मात्र बघा. उभ्या गाडीत गार होत नाही पण हायवेवर होतं, असं असेल तर दोष पंख्याचाच.

खट्-खट्साठी डावं पुढचं चाक जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावं-उजवं धरून लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. दोन्हीकडे घट्ट असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा स्ट्रटचं वरचं माउंट. बुश फाटलेला डोळ्यांनी दिसतो.

फॉर्म_एकोणतीस:
यंत्राचं झालं, आता कागद. किंमत इथेच पडते.

पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासूनच करता येतो. म्हणजे आज मालकांनी 'करून देतो' म्हटलं तरी सप्टेंबरपर्यंत होणार नाही, आणि तोवर गाडी तुमच्या नावावर असेल. खर्च तुमचाच. मोटारीची सरकारी फी ५ हजार, ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा कर) वेगळा, उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. तपासणीआधी दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर नीट हवेत. विमा, पीयूसी चालू आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावलेली हवी. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक क्रमांक, बँकेचा बोजा आणि विमा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घ्या. ई-चलनं पैसे द्यायच्या आधी भरून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की हस्तांतरण लगेच टाका. 'नंतर करू' म्हणून ठेवलं तर अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर राहते, त्यांनाही हे सांगा, म्हणजे तेच मागे लागतील. विमा १४ दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

सीएनजी किट असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर सरळ नको म्हणा. नोंद असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झालीय का ते प्लेटवर बघा.

तांबडी_माती:
किंमतीचं माझं गणित: नूतनीकरण, ग्रीन टॅक्स, टायर (बाजूवरचा चार आकडी कोड बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा), एसीचा लीक, खट्-खट्. हे सगळं लिहून समोर ठेवा आणि १ लाख ३० पासून बोलणी सुरू करा. ८२ हजार किमीवर माझा सहज विश्वास बसत नाही. क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड झिजून गुळगुळीत असेल तर आकडा वेगळा आहे. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मालकांकडूनच मागा.

मल्टिमीटर:
एक राहिलं. ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेली नाही. फ्युएल होज कडक झाल्यात किंवा जॉइंटला ओल आहे का ते टाकीपासून इंजिनावरच्या फ्युएल रेलपर्यंत बघा, पेट्रोलचा वास आला तर आधी त्या बदला. इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवतं, त्यामुळे घेतल्यावर थोड्याच दिवसांत गाडी अडखळायला लागली तर इंजेक्टर साफ करायच्या मागे न लागता आधी फिल्टर बघा.