खटक्याचा चाकू खिशात आपोआप उघडला. ठेवू की टाकू?

दोरवाला:
मामांचा जुना खटक्याचा चाकू माझ्याकडे आलाय. बाजूने उघडणारा, बटण दाबलं की पातं फटकन बाहेर. परवा तंबूचे दोर गुंडाळायला वाकलो आणि पँटच्या खिशात ‘खट्’ झालं. पातं अर्धं उघडून अस्तरात रुतलं. मांडीला नुसता ओरखडा, पण हात किती तरी वेळ थरथरत होता. घरी सांगितलेलं नाही. चाकू बिघडलाय की हे असंच असतं?

गंजका_स्क्रू:
असे बरेच चाकू उघडून पाहिलेत. यात पातं मिटलेलं असतानाही स्प्रिंग ताणलेलीच असते. तिला रोखते फक्त बटणाखालची खुंटी, पात्याच्या बुडाच्या खाचेत बसलेली. साध्या घडीच्या चाकूचं पातं मिटलेलंच राहू बघतं, याचं उघडू बघतं. खाचेची कड झिजली, किंवा खिशातला कापसाचा भुगा आत जाऊन खुंटी पुरती बसली नाही, की छोटा धक्काही पुरतो.

आधी बटण बघा. मुठीच्या वर आलेलं असेल तर वाकताना मांडीनेच दाबलं असेल, मग चाकूचा दोष नाही. खोलगट असेल तर पातं उघडतं ती बाजू स्वतःपासून लांब ठेवून मूठ घट्ट धरा आणि लाकडी फळीवर चार-पाचदा ठोका. उघडला तर खाच किंवा खुंटी गेली.

आणि क्लिप असेल तर टोक वर ठेवून लावा. मिटल्यावर बाहेर दिसते ती पात्याची पाठ, ती खिशाच्या शिवणीला टेकलेली हवी. मग सुटलं तरी उलगडायला जागाच नाही.

उलटा_खिसा:
समोरून निघणारा घ्या. एकाच सरकत्या बटणाने आत-बाहेर होणारा. त्यात स्प्रिंग बटण ढकलतानाच ताणली जाते आणि पातं अडलं तर मध्येच सुटून लुळं पडतं.

गंजका_स्क्रू:
हे दुहेरी प्रकाराचं झालं. ज्याचं पातं हाताने मागे ओढून बसवावं लागतं, त्याची स्प्रिंग सदैव ताणलेलीच.

शिस्तप्रिय:
घेण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा. ब्रिटनमध्ये 1959 पासून यांची विक्री बंद आहे, 2021 पासून घरात ठेवणंही गुन्हा.

दोरवाला:
बटण खोलगटच आहे. फळीवर तिसऱ्या ठोक्याला उघडला. भुगा काढला, तेल दिलं, पुन्हा ठोकला, पुन्हा उघडला. भिंगातून पाहिलं तर खाचेची कड पार गोल झालीये. शेवटी मामांना फोन केला. म्हणाले, “अरे, म्हणून तर मी तो कायम पत्र्याच्या डबीत ठेवायचो!” चाकू देताना डबी मात्र स्वतःकडेच ठेवली.