उद्योजकतेची पदवी घेऊन उद्योजक होता येतं का?

इचलकरंजीकर

थेट बोलतो. विद्यापीठांनी उद्योजकतेची स्वतंत्र पदवी बंद करावी. एखादा पेपर ठेवायचा तर ठेवा, पण त्यासाठी पोरांची तीन वर्षं आणि आईबापांची तीन वर्षांची फी घेऊ नका.

निमित्त पुतणीच्या प्रकल्पाचं. ती बीबीएच्या तिसऱ्या सत्रात आहे. 'नवउद्योग निर्मिती' या विषयासाठी तिला चाळीस पानी बिझनेस प्लॅन करायचा होता. घरचा धंदा म्हणून तिने कापड घेतलं. बाजारपेठेचा अभ्यास, स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), पाच वर्षांचा नफातोटा, सगळं नीटनेटकं मांडलं होतं. फक्त रोखीच्या तक्त्यात मार्चमध्ये विकलेल्या कापडाचे पैसे मार्चमध्येच जमा दाखवले होते. आमच्याकडे अडत्यामार्फत माल गेला की पैसे 60 दिवसांनी येतात, मंदी असली की 90. तोवर सुताचं बिल, विजेचं बिल आणि कामगारांची दर आठवड्याची मजुरी थांबत नाही. मी तोच तक्ता 90 दिवसांच्या उधारीने तिच्यासमोर पुन्हा मांडला. तिसऱ्या महिन्यात धंदा बंद. वर्गात मात्र आधीच्या तक्त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा होता.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटत होतं. ती दोन वर्षं कुठल्या सत्रात बसवणार?

नाशिकची प्राध्यापिका

हाच विषय मी शिकवते, म्हणून उत्तर देणं माझं कामच आहे.

तो तक्ता चुकीचा होता आणि 'उत्कृष्ट' हा शेरा त्याहून चुकीचा, यात वाद नाही. पण तुम्ही पुतणीला तो दुरुस्त करून दिलात, म्हणजे उधारी समजावणारा माणूस तिला घरातच मिळाला. माझ्या वर्गातल्या कुणाचे वडील एसटीत वाहक आहेत, कुणाचे ग्रामसेवक, कुणाची दीड एकर द्राक्षबाग आहे. जेवताना उधारीचं बोलणं त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. ज्या समाजांत धंदा पिढ्यान्‌पिढ्या आहे तिथे पोरगं दहाव्या वर्षी गल्ल्यावर बसतं. ते शिक्षणच आहे, फक्त त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. उरलेल्यांनी कुठे शिकायचं?

लक्ष्मणरावांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ते मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक रेखाचित्रं शिकवत होते. नांगर त्यांना आकाशातून सुचला नाही. त्यांचे चिरंजीव शंतनुराव तर अमेरिकेतल्या एमआयटीतून अभियंता होऊन आले.

धंद्याची वृत्ती शिकवता येते का, हेही आपल्या देशात तपासून झालं आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यावर हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना थोड्याच दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढे त्यांची तुलना प्रशिक्षण न मिळालेल्या राजमहेंद्रीच्या व्यावसायिकांशी केली. काकिनाड्याच्या लोकांनी जास्त धंदे सुरू केले आणि जास्त पैसा गुंतवला. 1983 मध्ये अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था आणि 1988 मध्ये आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं, ते याच विश्वासावर की उद्योजक घडवता येतो.

सांगलीचा सीए

मॅडम, काकिनाड्याची माणसं आधीच धंद्यात होती. हाताला चटके बसलेल्या माणसाला दोन आठवडे शिकवणं आणि बारावी झालेल्या पोराला तीन वर्षं शिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजच्या मुलांवरचा अभ्यास हवा असेल तर 2010 साली प्रसिद्ध झालेला डच अभ्यास बघा. तिथे विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून छोटी कंपनी चालवायला लावली होती. त्यांच्या कौशल्यांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही आणि धंदा काढण्याची इच्छा उलट कमी झाली.

माझ्याकडे दरवर्षी नवे उद्योजक येतात. कुणीही कल्पना वाईट होती म्हणून बुडत नाही. बुडतात ते असे: कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने पाच लाखांचं काम करून बिल फाडलं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 हजार. खरेदीवर आधीच दिलेल्या कराचं क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायची. गिऱ्हाईक पैसे देणार तीन महिन्यांनी. म्हणजे जो पैसा हातात आलाच नाही, त्याच्यावरचा कर खिशातून. असे तीन-चार महिने लागोपाठ गेले की बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा संपते आणि माणूस खासगी सावकाराच्या दारात जातो.

यावर कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून असे पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजाही मिळत नाही. हे सगळं एका महिन्यात शिकवून होतं. पण उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) म्हणजे काय हे बीबीए झालेल्या पोराला माझ्या ऑफिसात बसून कळतं, आणि पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर मांडायच्या स्लाइड्स, मात्र त्याला झोपेत बनवता येतो. म्हणून माझं मत इचलकरंजीकरांच्या बाजूने.

कर्वेनगर_टीवाय

मी या विषयाची विद्यार्थिनी आहे. पिच डेक आम्हालाही करायला लावले आणि त्यातून मला काही मिळालं नाही. पण दुसऱ्या वर्षी एका सरांनी वेगळाच प्रकल्प दिला: एका सत्रात काहीतरी विकायचं, मित्रांना आणि नातेवाइकांना सोडून. बिलं दाखवली तरच मार्क.

आम्ही चौघींनी मेसवाल्यांना चिरलेली भाजी पुरवायची ठरवली. आमच्या सर्व्हेत सगळ्यांनी 'हो, घेऊ' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात एकाही मेसने घेतली नाही. बटाटा काळा पडत होता, कांद्याला वास येत होता, आणि मेसच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, भाजी चिरायला माझ्याकडे बाई आहे. लसूण सोलायला कुणी बसत नाही." आम्ही भाजी सोडून लसूण धरला. तो चार दिवस टिकतो आणि किलोमागे भावही चांगला मिळतो. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी वर्षाला 100 रुपयांत झाली, तीही करता येते हे वर्गातच कळलं होतं. सत्र संपलं तेव्हा नफा किरकोळ होता आणि एक मेस आमचे पैसे बुडवून बंद झाली होती.

सर्व्हेतलं 'हो' आणि पाकिटातून निघालेले पैसे यांत किती अंतर असतं, हे मला घरी कुणी शिकवू शकलं नसतं. माझे बाबा शिक्षक आहेत.

भोसरी_एमआयडीसी

धंदा घरात बघूनच येतो असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आमच्या वस्तीत दुकान काढलं तरी गिऱ्हाईक कुठल्या आळीतलं येईल हे आडनावावर ठरायचं. मी पहिल्या पिढीचा. बँकेत गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न: तारण काय? वडिलोपार्जित जमीन नाही, घर गावठाणात, त्याचाही कागद नाही. तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून 2000 सालापासून सरकारी पतहमी योजना आहे, हे साहेबांनी सांगितलं नाही. ते मला एका प्रशिक्षण वर्गात कळलं, आणि योजनेचं नाव घेऊन बोललो तेव्हा फाईल पुढे सरकली. 2016 ची स्टँड अप इंडिया योजना अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी 10 लाख ते एक कोटीच्या कर्जाची होती. आमच्यातल्या किती पोरांना ते माहीत होतं? 2005 मध्ये पुण्यात डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना उभी राहिली, तिनेही हेच काम हाती घेतलं: माहिती, ओळख, हिंमत.

ज्यांच्या घरात हे तिन्ही आहे त्यांना पदवी फुकट वाटणारच. वर्ग बंद केला तर त्यांचं काही जाणार नाही. आमचं जाईल.

वेलस्ली_मॅसॅच्युसेट्स

इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, बॅब्सन कॉलेज याच विषयासाठी ओळखलं जातं. पहिल्याच वर्षी मुलांना कॉलेजच्या पैशांवर छोटा धंदा काढायला लावायचा, वर्षअखेर तो रीतसर गुंडाळायचा आणि नफा समाजकार्याला द्यायचा, असा त्यांचा अभ्यासक्रम अनेक वर्षं गाजला. मला त्यातलं गुंडाळणं सगळ्यात मोलाचं वाटतं. उरलेला माल काढणं, देणी फेडणं, भागीदारांचा हिशोब चुकता करणं. आपल्याकडे धंदा बंद करणं म्हणजे नाक कापलं जाणं, म्हणून माणसं दोन वर्षं उशिरा बंद करतात आणि तेवढ्यात घर गहाण पडतं.

नाशिकची प्राध्यापिका

सीए साहेब, तुम्ही दिलेल्या डच अभ्यासातली इच्छा कमी होण्याची गोष्ट मला यशाची वाटते. आपल्याला हे जमणार नाही, हे पोराला एकोणिसाव्या वर्षी वर्गात कळलं तर वडिलांच्या पीएफचे पैसे वाचतात.

आणि फक्त कर, कायदा आणि हिशोब शिकवा म्हणत असाल, तर टोगो देशातला प्रयोगही बघा. 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. दीड हजार छोटे व्यावसायिक घेतले. काहींना नेहमीचं हिशोब-विक्रीचं प्रशिक्षण दिलं, काहींना स्वतःहून पुढाकार घेण्याचं, अडचण आधीच ओळखण्याचं. दुसऱ्या गटाचा नफा 30 टक्के वाढला. पहिल्या गटात ठाम म्हणावी अशी वाढ दिसली नाही.

सांगलीचा सीए

टोगोतलेही आधीच धंद्यात होते. दोन्ही वेळा तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. पुढाकार घ्यायला शिकवा, जरूर शिकवा, पण ज्याच्याकडे पुढाकार घ्यायला दुकान आहे त्याला.

इचलकरंजीकर

कर्वेनगरच्या मुलीने लसणाचं जे लिहिलंय ते मला मनापासून आवडलं. पण तो एका सरांचा प्रकल्प होता, विद्यापीठाचा नियम नव्हे. पुढच्या वर्षी सर बदलले की पुन्हा चाळीस पानं.

भोसरीच्या भाऊंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण त्यांना जे मिळालं ते प्रशिक्षण वर्गात, पदवीत नाही. माझी मागणी तीच आहे. अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय 45 निघालं. म्हणजे माणूस आधी एखाद्या कामात मुरतो, मग धंदा काढतो. तेव्हा पोराला आधी टेक्स्टाइल, शेती, फौंड्री, सॉफ्टवेअर काहीतरी नीट शिकू द्या. आयआयटी मुंबईच्या इनक्युबेटरमधून (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रातून) ड्रोनवाली आयडियाफोर्ज निघाली, ती अभियंत्यांची होती. मग त्याच्या तिशीत सहा महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग घ्या, इचलकरंजीत, भोसरीत, सातपूरला. शिकवायला सीए, बँकेतला निवृत्त अधिकारी आणि एक बुडालेला व्यापारी बसवा. अशा वर्गाला मी स्वतः जागा देतो.

नाशिकची प्राध्यापिका

जागा द्या, मी शिकवायला येते. तरीही पदवी बंद करायला माझा विरोधच राहील, आणि कारण तुमच्या त्या 'तिशी'तच आहे.

माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. तिशीत संध्याकाळी सात वाजता त्यांच्यातल्या किती जणी वर्गात येऊन बसतील? तेव्हा घरी लहान मूल असेल, स्वयंपाक असेल, 'आता कशाला हे' म्हणणारं कुणीतरी असेल. कॉलेजची तीन वर्षं हीच अशी आहेत की मुलगी बाजारात उभी राहून माल विकत असली तर घरात 'प्रकल्प आहे' एवढं सांगून भागतं. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने बेदाण्याची पाकिटं विकली. घरून परवानगी मिळाली ती केवळ मार्क आहेत म्हणून. आता तिचं लग्न ठरलंय, आणि तिने पतहमी योजनेतून कर्जासाठी अर्ज स्वतःच्या नावाने टाकलाय. तो अर्ज कसा भरायचा हे ती वर्गात शिकली. तुमचा संध्याकाळचा वर्ग सुरू होईपर्यंत ती थांबली असती, तर अर्ज नवऱ्याच्या नावाने गेला असता.