भजन स्पर्धेला परीक्षक कसे निवडायचे? कोणाची पार्श्वभूमी काय बघायची? सल्ला हवाय

चाकरमानी_परळ
नमस्कार मंडळी. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, दत्तजयंतीला देवळासमोर दोन रात्री संगीत भजन स्पर्धा असते. यंदा बारा संघ येतायत, त्यातले तीन महिलांचे. परीक्षक ठरवायचं काम या वेळी माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून नीट करायचंय, कारण गेल्या वर्षी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

गेल्या वर्षी दोन परीक्षक होते. एक ऑर्केस्ट्रात गाणारे, नाव बऱ्यापैकी मोठं, दुसरे शाळेतले संगीत शिक्षक. माणसं म्हणून दोघेही चांगले, वेळेवर आले, शेवटपर्यंत बसले, त्याबद्दल काही बोलणं नाही. पण शेजारच्या वाडीतला एक अकरावीतला पोरगा पखवाजाला होता, त्याने शेवटच्या गजराला लय चढवत नेली आणि तिहाई (एकच बोल तीनदा) घेऊन असा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबला की मांडवातली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. बक्षीस भलत्यालाच गेलं. नंतर मी गुणपत्रिका बघितल्या तर पखवाजाच्या रकान्यात दोघांनीही सगळ्या संघांना दहापैकी सहा नाहीतर सात दिलेले, वरपासून खालपर्यंत सहा सात सहा सात. म्हणजे त्यांना तिथे काही वेगळं ऐकूच आलं नव्हतं. पोराने पखवाज खोळीत घातला, नाडी बांधली आणि कोणाशी न बोलता गेला. यंदा त्यांचा संघ येणार की नाही तेही अजून नक्की नाही.

तर विचारायचं हे की परीक्षक बघताना नक्की काय विचारायचं? विशारद असलं म्हणजे झालं का? दोन पुरेत की तीन हवेत?

विशारद_ताई
दादा, मी स्वतः गायनात विशारद आहे म्हणून मोकळेपणाने सांगते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद प्रथम आणि पूर्ण, आणि वर अलंकार. माणसाची बरीच वर्षं त्यात जातात आणि सूर-ताल पक्का होतो हे शंभर टक्के खरं. पण त्यातला मुख्य अभ्यास रागांचा. ख्याल, आलाप, ताना, शास्त्र. त्या कागदावरून हे कळत नाही की हा माणूस कधी टाळ घेऊन कोरसमध्ये बसला होता का.

मी पहिल्यांदा भजन स्पर्धेचं परीक्षण केलं तेव्हा एका बुवांचे, म्हणजे संघाच्या मुख्य गायकाचे, गुण मी कापले होते, ओरडून गातात म्हणून. पट्टी, म्हणजे गायला धरलेला मूळ सूर, खूप चढी होती आणि मला ते कानाला लागत होतं. निकालानंतर ते बुवा शांतपणे माझ्याजवळ आले आणि म्हणाले ताई, आमचे आजे देवळाच्या पडवीत माईक नसताना गायचे, खालच्या वाडीत आवाज गेला पाहिजे म्हणून, ती पट्टी आमच्याकडे तशीच आलीय. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांचा सूर एकदाही हलला नव्हता आणि मी गुण दिले होते आवाजाच्या जातीला. तेव्हापासून मी पहिले दोन संघ ऐकून होईपर्यंत पेन्सिलनेच गुण लिहिते.

तेव्हा विशारद जरूर बघा पण पुढे एक प्रश्न विचारा, शेवटचं भजनाला कधी बसला होतात.

लयवेडा
चाकरमानी दादा, त्या पोराचं वाचून पोटात कालवलं. तीन परीक्षक घ्याच आणि त्यातला एक पखवाज वाजवणारा घ्या. तबल्यावाला नाही. तबलजी मंडळींनी राग मानू नये, मी पण तबल्यावरच सुरुवात केली, पण पखवाजाचा हात वेगळा, इथे पूर्ण पंजाची थाप आहे, उघडे बोल आहेत, आणि डाव्या पुडीला कणीक लावलेली असते ती किती लावायची, किती ओली ठेवायची यावर अख्खा घुमारा अवलंबून असतो, कणीक जास्त झाली की आवाज बसतो आणि वाळायला लागली की चढायला लागतो, मग मधेच पाण्याचं बोट लावावं लागतं. ज्याने हे केलंय त्याला समोरचा पोरगा अभंग संपता संपता डाव्या हाताने काय सावरतोय ते दिसतं. ज्याने नाही केलं त्याला तो नुसता चाळे करताना दिसतो.

आणि भजनी ठेका आठ मात्रांचा, ऐकायला सोपा, म्हणून लोकांना वाटतं त्यात काय बघायचं. त्याच आठ मात्रांत बुवा चरण म्हणत असताना किती कमी वाजवलं हे बघायचं असतं! कोरस आला की हात सोडायचा, बुवांनी तोंड उघडलं की मागे यायचं. गेल्या वर्षी तुमच्या पोराने नुसती लय चढवली की बुवांना जागा पण दिली, हे पखवाजी लगेच सांगेल, आणि पोराला ते ऐकायला मिळायला हवं, बक्षीस मिळो न मिळो.

अजून एक, महिला संघांचं. मंडळ एकच पखवाज ठेवतं आणि तो पुरुषांच्या पट्टीला लावलेला असतो. बायकांची पट्टी वेगळी, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या संघाला तो पखवाज दिला की सुरात बसतच नाही आणि मग परीक्षक लिहितात, सुरेलपणा कमी. गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून एवढी पट्टी बदलत नाही. दुसरा पखवाज ठेवा.

कोरसातली
लयवेडा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. आमच्या संघाबरोबर दोनदा झालंय हे.

पेटीवाला_देवगड
सगळे गायक आणि पखवाज म्हणतायत, पेटीचं कोणीच नाही. आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, त्या काळात वाद्याला जे दुय्यम ठरवलं ते अजून पुरतं गेलेलं नाही असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे तर बहुतेक बुवा स्वतःच पेटी घेऊन गातात, म्हणजे गळा आणि बोटं एकाच माणसाची. साधा गायक परीक्षक फक्त गळा ऐकतो. पण दोन ओळींच्या मधे बुवा पेटीवर काय भरतो, कोरसला सूर कसा हातात देतो, तिथे अर्धं भजन आहे. गोव्यात बोरीचे पं. तुळशीदास बोरकर होऊन गेले, त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली ती संवादिनीसाठी, म्हणजे पेटीसाठीच. म्हणून गायक परीक्षक बघताना पेटी वाजवत गाणारा मिळाला तर बघा. नाव मोठं नसलं तरी चालेल.

मंडळ_खजिनदार
थोडं वेगळं मत मांडतो. नाव मोठं असेल तर बॅनर लागतो, बॅनर लागला की वर्गणी येते आणि लोक लांबून येतात. आम्ही लहान मंडळं, आम्हाला हे पण बघावं लागतं. टीव्हीवर गायलेला माणूस परीक्षक म्हटल्यावर संघांची नोंदणी सुद्धा पटकन भरते.

विशारद_ताई
खजिनदार दादा, तुमची अडचण खरी आहे. त्यांना उद्घाटनाला बोलवा ना, दीपप्रज्वलन, सत्कार, दोन अभंग गाऊ देत, लोक खूश होतील. गुणपत्रिका मात्र दुसऱ्यांच्या हातात द्या.

अंत्रुज_महाल
गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे कला अकादमीची मनोहरबुवा शिरगांवकर यांच्या स्मृतीतली भजन स्पर्धा असते, पुरुष, महिला आणि बाल असे वेगळे विभाग, आणि गावागावात पोरं तिच्यासाठी महिनोन्‌महिने तालीम करतात. लहानपणी मी बाल विभागात झांज वाजवलीय म्हणून जिव्हाळा आहे.

मला वाटतं परीक्षकाच्या दोन्ही बाजू भरलेल्या हव्यात, देऊळ पण आणि तालीम पण. आमच्या मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी घ्या. जन्म १९२९, वडील देवळातले कीर्तनकार, म्हणजे अभंग आधी कानावर पडला आणि मग जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा मोठ्या मंडळींकडे शिकणं झालं. त्यांच्यासारखा माणूस आता कुठून आणणार, पण त्या वाटेने आलेली माणसं आहेत अजून, फोंडा, डिचोली, पेडणे इकडे विचारा. कोणीतरी देवळात वाढलेला असतो आणि पुढे गुरूकडे बसलेला असतो. आणि लयीचं म्हणाल तर खाप्रुमामा पर्वतकरांची ही भूमी, हातापायांनी वेगवेगळ्या लयी धरणारे. इथली म्हातारी माणसं अजून श्रोत्यांत बसून बोटांवर मात्रा मोजतात. पेडण्याहून कुडाळ काही लांब नाही, रात्री गाडीने परत सोडलंत तर कोणीही येईल. देव बरें करूं.

इंद्रायणीकाठ
राम कृष्ण हरी. सूर झाला, ताल झाला, शब्दांचं कोण बघणार? माझं म्हणणं तिसरा परीक्षक कीर्तनकार किंवा वारकरी गायक असावा. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ ला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे चार वर्षं शिकलेली मुलं आज महाराष्ट्रभर आहेत, कोकणात पण सापडतील. त्यांचं अभंगाचं पाठांतर पक्कं असतं.

का म्हणतोय ते एका ओळीवरून सांगतो. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया'. अक्षरं मोजा, सहा सहा सहा चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला, विटेवरी आणि कटावरी. आता मी एका स्पर्धेत ऐकलं, बुवांचा गळा अतिशय गोड, त्यांनी 'कर कटा' वर तान घेतली, मोठी, सुंदर तान, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग तीन मात्रा सोडून 'वरी' आलं. कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल डोळ्यासमोर उभा राहायच्या आधीच ओळ मोडली. तान 'ठेवोनिया' वर घेतली असती तर तीच तान दुप्पट लागली असती. त्या दिवशी परीक्षकांनी तानेला पूर्ण गुण दिले आणि शब्दोच्चारालाही पूर्ण गुण दिले. मला घरी आल्यावर झोप नाही लागली.

गवळणीत तर अजून जपावं लागतं, हल्ली सिनेमाच्या चालीवर गवळण बांधतात आणि चालीत बसवायला शब्द बदलतात. ते ओळखायला मूळ पाठ असणारा माणूसच हवा.

चाकरमानी_परळ
सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतोय. एक अडचण. आमच्या तालुक्यातले जे दोन पखवाजी सगळ्यात जाणकार आहेत त्यांचे शिष्य निम्म्या संघांत आहेत. मग काय करायचं?

सप्ताह_कार्यकर्ता
मी बरीच वर्षं आमच्याकडची स्पर्धा बघतो म्हणून लिहितो. तालुक्याबाहेरचाच घ्या, रत्नागिरीचा किंवा गोव्याचा. आणि फोनवर बोलतानाच विचारून टाका, आमच्या संघांत तुमचं कोणी शिकतं का, नातं आहे का, कोणाकडे हल्ली पाहुणे म्हणून वाजवायला गेला होतात का. चांगली माणसं रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं विचारलं म्हणून. त्या दोन गुरुजींना मान म्हणून पहिल्या रांगेत बसवा, त्यांच्याच हातून पखवाजाचं बक्षीस द्या.

बाकी आमच्याकडे जे कामी आलं ते सांगतो. गुणपत्रिका प्रत्येक संघ उतरला की लगेच गोळा करायची, शेवटी सगळ्या एकदम घेतल्या की परीक्षक चहाला बसून एकमेकांचे आकडे जुळवतात, मुद्दाम नाही, पण होतं. पखवाजाचा रकाना पखवाजीकडेच ठेवा, शब्दांचा कीर्तनकाराकडे, तिघांनी सगळं भरायचं हे बंद करा. सांघिक परिणाम तेवढा तिघांनी द्यायचा. पहिल्या संघावर नेहमी अन्याय होतो कारण परीक्षक हात राखून गुण देतात, म्हणून आम्ही आधी शाळेतल्या पोरांचं एक भजन ठेवतो, त्याला गुण नाहीत, फक्त परीक्षकांचे कान तयार होतात आणि साउंडवाल्याचा माईक पण लागतो. पेटीचा माईक जरा कमी ठेवायला सांगा, नाहीतर कोरस ऐकूच येत नाही आणि कोरसचं बक्षीस अंदाजाने जातं. मानधन आणि गाडीभाडं पहिल्याच फोनला बोला, कार्यक्रमाच्या रात्री पाकिटावरून कुजबूज नको.

आणि परीक्षकांची ओळख करून देताना नुसतं 'सुप्रसिद्ध' म्हणू नका. कोणाकडे शिकले, काय वाजवतात, भजनात किती वर्षं आहेत हे निवेदकाच्या कागदावर लिहून द्या. संघांना कळू दे की समोर कोण बसलंय.

कोरसातली
निकालानंतर अर्धा तास परीक्षकांना संघांशी बोलायला ठेवा प्लीज. आम्ही बायका घरचं आवरून रात्री दहाला तालीम करतो, शेवटी मिळतो तो एक आकडा. कुठे चुकलो ते कोणी सांगितलं तर पुढच्या वर्षापर्यंत पुरतं.

चाकरमानी_परळ
अपडेट देतो. अंत्रुज_महाल यांनी सुचवलं तसं पेडणे भागात विचारलं, तिथले एक बुवा यायला तयार झालेत, स्वतः पेटीवर गातात, लहानपण सगळं देवळातलं आणि नंतर बारा वर्षं गुरूंकडे. पखवाजी रत्नागिरीचे मिळाले, मी विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं की पखवाज किती आहेत. दोन आहेत म्हटल्यावर खूश झाले. कीर्तनकारांशी बोलणं चालू आहे, दत्तजयंतीच्या दिवसांत त्यांची कीर्तनं असतात म्हणून तारीख अडतेय, एका रात्रीला तरी येतो म्हणालेत. दुसऱ्या रात्रीसाठी कोणी माहीत असेल तर मला मेसेज करा.

आणि काल गावी फोन करून त्या पोराशी बोललो. सगळं सांगितलं, पखवाजाचे गुण फक्त पखवाजीच देणार, निकालानंतर तुझ्याशी बोलणार. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, रत्नागिरीचे म्हणजे ते उजव्या बाजूक बसतले की समोर? माझो डावो हात दिसाक व्हयो त्यांका."

लयवेडा
उजव्या बाजूला नका बसवू दादा. समोर, जरा डावीकडे, आणि मधे पेटीवाला येणार नाही असं बघा.