जुनी कार्ब्युरेटरची गाडी गरम झाली की सुरू होत नाही, मदत हवी आहे

१९९७ ची पेट्रोल गाडी. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. पण कुंभार्ली घाट चढून थांबलं, की नंतर स्टार्टर जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पकडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप नवीन. अडली असताना प्लग काढले तर पेट्रोलने ओले, म्हणजे व्हेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) नसावा. ठिणगी मात्र बारीक, पिवळट. थंड असताना तीच निळी, कडकडीत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही उपयोग नाही.

संशय इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी) किंवा इग्नायटरवर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग). पार्ट मुश्किलीने मिळतात, त्यामुळे अंदाजाने दोन्ही बदलायचे नाहीत. जवळ फक्त मल्टिमीटर आहे. दोघांपैकी नेमकं कोण गरम झाल्यावर दगा देतंय, हे घरी कसं तपासू?