मदत हवी आहे : युनियनच्या निवडणुकीत कुटुंबीयांची देणगी चालते का?

नमस्कार. मी अमेरिकेत टीमस्टर्स या ट्रकचालक व इतर कामगारांच्या युनियनचा सभासद असून तेथील पदाधिकारी निवडणुकीच्या खर्चाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कामगार संघटनांविषयीच्या १९५९ च्या अमेरिकी कायद्यानुसार युनियनचा किंवा कोणत्याही मालकाचा, म्हणजे पगारी माणसे ठेवणाऱ्याचा, पैसा उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरता येत नाही, आणि ही बंदी युनियनशी काडीचाही संबंध नसलेल्या मालकालाही लागू होते, हे मला ठाऊक आहे. ही तरतूद केवळ कागदावरची नाही : १९९६ मध्ये आमच्या युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष रॉन केरी यांनी जिंकलेली अध्यक्षपदाची निवडणूक, युनियनचाच निधी आडमार्गाने त्यांच्या प्रचारात आल्याचे उघड झाल्यावर, १९९७ मध्ये रद्द झाली आणि पुढे त्यांना फेरनिवडणुकीतूनही बाद केले गेले. सभासदांच्या वर्गणीची अशी राखण झालीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच आधी विचारतो आहे.

आम्हा काही सभासदांचा गट कोणत्याही उमेदवाराच्या नियंत्रणाखाली नाही. तरीही एका पॅनलच्या बाजूने पत्रके काढणार असल्याने नियमांच्या दृष्टीने तो स्वतंत्र समिती ठरेल, असा माझा समज आहे. माझ्या पत्नीचा जेवणाच्या डब्यांचा छोटा व्यवसाय असून तिच्याकडे दोन पगारी मदतनीस आहेत, म्हणजे ती मालक ठरते. मग आमच्या संयुक्त बँक खात्यातून मी दिलेली देणगी, किंवा तिने बैठकीला विनामूल्य पाठवलेला नाश्ता, निषिद्ध मानला जाईल का? नाश्त्याचे पूर्ण पैसे समितीने चुकते केले, तर अडचण सुटते का? अशा समितीचे हिशेब ज्यांनी स्वतः सादर केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.