मदत हवी आहे: वय ४७, वजन ९२ किलो. वजन उतरवलं तर लिंगाची ताठरता परत येते का?

खांडेपारकाठ

नमस्कार. सहा वर्षं इथे नुसता वाचतो आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. तीन रात्री हा मजकूर टाइप करून पुसून टाकला. आज पाठवतोच, कारण ओळखीतल्या कुणाला विचारायची सोय नाही. गोव्यातलं आमचं फोंडा लहान आहे. फार्मसीत काउंटरवर उभा असलेला मुलगा शेजारणीचा भाचा निघतो.

कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. उंची पाच फूट सहा इंच. तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. सिगरेट कधीच ओढली नाही. पिणं शनिवार-रविवार. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, ते आठवड्याला चार दिवसांवर जातं. हेही लिहितो, कारण अर्धवट सांगून मदत मागण्यात अर्थ नाही.

आता मूळ गोष्ट. दीड वर्षापासून ताठरता येते पण टिकत नाही. आधी कधीतरी व्हायचं, थकव्याचं म्हणून सोडून दिलं. मग वरचेवर व्हायला लागलं, आता जवळजवळ दर वेळी. पहाटे जाग येताना पूर्वी असायची, तीही क्वचितच. गेल्या दिवाळीपासून मीच टाळतो. बायकोला झोप लागेपर्यंत टीव्हीसमोर बसून राहतो. एका रात्री तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी "कामाचं टेन्शन आहे" म्हणालो आणि कूस बदलली. त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही. तिने विचारायचं सोडून दिलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

चवथीसाठी पँट शिवायला टाकली. टेलर वीस वर्षांपासूनचा. त्याने टेप फिरवली, आकडा बघितला, पुन्हा एकदा फिरवली, आणि वहीतला जुना ३६ खोडून ४१ लिहिला. बोलला काही नाही. स्कूटरवरून घरी येताना पहिल्यांदा मनात आलं, की पोट आणि हे दुखणं एकाच जागचं तर नाही?

मध्ये एक चूकही करून बसलो. भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावला, एका खोलीवजा दवाखान्यात गेलो. तपासणी शून्य. महिन्याचं चूर्ण म्हणून चार हजार घेतले. पहिल्याच पुडीला चेहरा तापला, छाती धडधडली, रात्रभर डोकं दुखलं. उरलेलं फेकून दिलं.

वजन कमी करून, व्यायाम करून हे खरोखर सुधारतं का? किती किलो, किती महिने? की या वयात गोळीशिवाय इलाज नाही? आणि बायकोशी हा विषय कसा काढू? तिथे माझी जीभच उचलत नाही.

साखळीवाट

भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. मी ५२ चा आहे, हेच भोगलं आहे. दहा महिन्यांत ११ किलो उतरवले. फरक पडला, पण पंचविशीतल्यासारखं झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. दहापैकी दोनदा जमायचं, ते आता सहा-सातदा जमतं.

मी खास काही केलं नाही. संध्याकाळचा भजी-पाव बंद केला. दुपारी उकड्या तांदळाचा भात दोन डावांवरून एका डावावर आणला, नुस्तं, म्हणजे मासे, तेवढंच ठेवलं, पण रव्यात घोळवून तळायचं सोडून हुमण (माशांची आमटी) नाहीतर तव्यावर. बांगडे, तारले भरपूर. आणि चालणं, घाम येईल असं. पहिले दोन महिने काटा हलला पण बाकी काहीच हललं नाही. तेव्हा सोडून देणार होतो. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे जाग आली तेव्हा कळलं की काहीतरी सुधारतंय.

निर्मळ

मी फिजिशियन आहे, गोव्यातच काम करतो. इथे मी निदान करू शकत नाही, तेवढं धरून वाचा.

टेलरच्या टेपवरून तुमच्या मनात जे आलं ते बरोबर आहे. ताठरता म्हणजे मुख्यतः रक्तवाहिन्यांचं काम. मेंदूकडून इशारा गेला की तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. शरीरात हा वायू निरोपाचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पोटाच्या आत साठलेली चरबी, वाढलेली साखर आणि रक्तदाब हे तिन्ही त्या अस्तराला बिघडवतात. शिवाय चरबीतच टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर होतं, म्हणून पोट सुटलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं.

यातली जी गोष्ट मी प्रत्येक पेशंटला कागदावर काढून दाखवतो ती अशी. लिंगाच्या रोहिण्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार. नळी जितकी बारीक तितकी ती लवकर कमी पडते. म्हणून पुष्कळदा ही तक्रार आधी येते आणि छातीत दुखणं काही वर्षांनी. तुमच्या शरीराने तुम्हाला वेळेत सांगितलं आहे. फक्त लाजेचा विषय समजून झाकून ठेवू नका.

आता तुमचा प्रश्न. इटलीत नेपल्सला झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ ते ५५ वयाचे ११० लठ्ठ पुरुष, सगळ्यांना हीच तक्रार. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन देऊन वजन दहा टक्के तरी उतरवायचं ध्येय दिलं, निम्म्यांना नुसती सर्वसाधारण माहिती. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली होती, दुसऱ्या ५५ पैकी तिघांची. म्हणजे साधारण तिघांत एकाला औषधाशिवाय पूर्ण फायदा, आणि ताठरता मोजणारा गटाचा सरासरी गुणही वर गेला. पण त्या पुरुषांना मधुमेह किंवा रक्तदाब नव्हता, तुम्हाला रक्तदाब आहे. त्यामुळे तोच आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावू नका. दिशा मात्र तीच आहे. तुमचे दहा टक्के म्हणजे नऊ किलो.

व्यायामाबद्दल २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा आला. त्यात सुचवलेलं प्रमाण असं: दम लागेल असा व्यायाम ४० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने. रमतगमत फिरणं यात धरू नका. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा.

सुरू करण्याआधी ईसीजी काढा, आणि जोराचा व्यायाम करणार असाल तर स्ट्रेस टेस्टचं विचारा. लिपिड (रक्तातली चरबी) आणि सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी कोणती ते डॉक्टरांना दाखवा. काही जुन्या गोळ्यांनी, विशेषतः काही बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांनी, ही तक्रार वाढते आणि पर्याय असतात. पण आपण होऊन एकही गोळी बंद करायची नाही. घोरता का? घोरताना श्वास अडकतो असं बायको सांगत असेल तर तेही सांगा.

गोळीला शत्रू समजू नका. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल योग्य माणसाला डॉक्टरांनी दिली तर सुरक्षित आहे, आणि वजन उतरेपर्यंतच्या काळात आधार देते. मात्र हृदयासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीशिवाय नकोच. अशा चूर्णांत हेच औषध छुप्या प्रमाणात मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. तुमचा तापलेला चेहरा आणि डोकेदुखी ऐकून मला तीच शंका येते.

एक शेवटचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या अहवालात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात होतं, २६.४ टक्के. तुमचं ६.३ हे अजून मागे फिरण्याच्या टप्प्यावर आहे.

केवडा

दादा, मी बाई आहे, विषय पुरुषांचा असला तरी लिहिते. माझ्या नवऱ्यानेही दोन वर्षं असंच टाळलं. त्या दोन वर्षांत मला काय वाटत होतं माहीत आहे? आधी वाटलं मी जाड झाले. मग वाटलं बाहेर कुणी आहे. त्याचा फोन बघितला, त्याची मला अजून शरम वाटते. साखरेमुळे होतंय हे त्याने सांगितलं त्या रात्री मी रडले, पण सुटल्यासारखं वाटून.

तुमच्या बायकोने "माझं काही चुकलं का" विचारलं आहे. तेवढ्याचंच उत्तर द्या. "तुझं काही चुकलं नाही, माझ्या शरीरात बिघाड आहे, मी डॉक्टरांकडे जातोय." पलंगावर सांगू नका. स्वयंपाकघरात ती भाजी चिरत असताना सांगा, तोंडाकडे बघावं लागत नाही. माझ्या नवऱ्याने मला गाडी चालवताना सांगितलं होतं.

जुवारी२१

चालण्याऐवजी सायकल चालेल का? माझे गुडघे दुखतात.

निर्मळ

चालेल, गुडघ्यांना बरीच. फक्त अरुंद कडक सीटवर तासनतास बसून वृषणांमागच्या भागावर दाब येतो, तिथून नस आणि रोहिणी जातात. रुंद सीट घ्या, अधूनमधून उभं राहून पेडल मारा, बधिर वाटलं की उतरा.

खांडेपारकाठ

सगळ्यांचे आभार. केवडाताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. ती नारळ खवत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून एका दमात बोललो. ती खवायची थांबली नाही, पण वेग कमी झाला. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "डॉक्टरांकडे मी येऊ का?" आली. घोरण्याचं तिनेच सांगितलं, मला पत्ताच नव्हता.

गोळी बदलली. ईसीजी ठीक. टेस्टोस्टेरॉन खालच्या काठावर आहे, पण डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पाच प्रश्नांची एक गुणतालिका भरून घेतली, २५ पैकी ११ आले. २२ किंवा त्याहून जास्त आले तर ठीक समजतात. सोमवारपासून सुरुवात करतो.

खांडेपारकाठ

साडेपाच महिने झाले, म्हणून धागा वर आणतो. पुढे कुणी हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला आकडे मिळावेत.

वजन ८४. कंबर ३८. एचबीएवनसी ५.९. गुण १७. निर्मळ यांनी सांगितलेले नऊ किलो अजून पुरे झालेले नाहीत, एक बाकी आहे.

पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो तेव्हा मी बूट घालत असतो. ढवळीकडून फर्मागुडीचा चढ. पहिल्या आठवड्यात निम्म्यावर दोनदा थांबत होतो. मागून येणाऱ्या बसला वाट द्यायच्या निमित्ताने कडेला उभा राहायचो आणि श्वास घ्यायचो. आता न थांबता वर पोचतो. आठवड्यातून चार दिवस मी एकटा, दोन दिवस बायको बरोबर येते. त्या दोन दिवशी वेग कमी असतो आणि बोलणं जास्त, ते मला हवंही आहे.

खाण्यात सकाळी पावाच्या जागी पोयो (कोंड्याचा पाव) आणला, दोनच्या जागी एक. रात्रीचा भात बंद. डिसेंबरात कामाच्या गर्दीत तीन आठवडे काहीच केलं नाही, दीड किलो परत आलं. हुर्राक यंदाही आला आहे, मित्र बोलावतात. रविवारी एक ग्लास, लिंबू आणि मीठ घालून, आणि उठतो. दोन मित्रांना राग आला आहे.

ताठरतेबद्दल साखळीवाट यांनी लिहिलं तसंच झालं, तिसऱ्या महिन्याच्या शेवटाला पहिला फरक. पहिले दोन महिने डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची गोळी घेत होतो, आता कधीतरीच लागते. दर वेळी जमतं असं नाही. पण नाही जमलं तर मी टीव्हीसमोर जाऊन बसत नाही.

आता अडचण पुढची आहे. जूनमध्ये पाऊस लागला की त्या चढावर पहाटे अंधारात ट्रक आणि पाणी. चार महिने बसून काढले तर सगळं परत येईल याची भीती वाटते. तुम्ही लोक पावसात काय करता?

साखळीवाट

शाब्बास. मी पावसाळाभर आमच्या देवळात जातो, पहाटे पाच ते पावणेसहा, सभामंडपातून आतल्या बाजूने फेऱ्या. एका फेरीला ९० पावलं पडतात, मोजून ठेवली आहेत. फरशी ओली असते आणि पाय अनवाणी, म्हणून वळणावर सावकाश. जास्त कोसळत असेल त्या दिवशी घरातला जिना, वीस वेळा वर-खाली. भटजींना आधी विचारून ठेवा, आमच्याकडे त्यांनी आता एक दिवा लावून ठेवायला सुरुवात केली आहे.