मदत हवी आहे : आरडी वेगळे देऊनही राखीव पीईचा मार्ग दूरच्या पीईला दिसत नाही

नमस्कार. एमपीएलएसवरील (लेबल लावून पॅकेट पुढे नेणाऱ्या जाळ्यावरील) लेयर-३ व्हीपीएनमध्ये (ग्राहकाची केंद्रे जोडणाऱ्या खासगी जाळ्यात) बीजीपी (राउटरांमध्ये मार्गांची माहिती पोहोचवणारी प्रणाली) सर्वोत्तम मार्ग कसा निवडते, यातील एका टप्प्यावर मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ग्राहकाचे एक केंद्र पीई-१ आणि पीई-२ या दोन राउटरांना (पीई म्हणजे सेवादात्याच्या जाळ्याच्या कडेचा राउटर) ईबीजीपीने (दोन वेगळ्या जाळ्यांमधील बीजीपीने) जोडलेले असून तेथून १०.२०.०.०/१६ हा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) दोघांनाही मिळतो. त्याच ग्राहकाचे दुसरे केंद्र पीई-३वर आहे आणि तिन्ही पीई एकाच रूट रिफ्लेक्टरशी (एका पीईचे मार्ग इतरांना कळवणाऱ्या राउटरशी) जोडलेले आहेत. पूर्वी पीई-१ आणि पीई-२वर व्हीआरएफचा (पीईवरील त्या ग्राहकाच्या स्वतंत्र मार्ग-तक्त्याचा) आरडी (प्रीफिक्सला जोडला जाणारा, तो वेगळा ओळखू देणारा क्रमांक) एकच होता. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या लेखी ते एकाच पत्त्याचे दोन पर्याय ठरत आणि बाकी सारे समान असल्याने, आयजीपी मेट्रिकनुसार (जाळ्यातील अंतर्गत अंतरानुसार) जो पीई रिफ्लेक्टरला जवळचा, त्याचाच मार्ग पुढे जाई. पीई-३ला कोण जवळ आहे, याचा विचारच होत नसे. म्हणून आरटी (मार्ग कोणत्या व्हीआरएफमध्ये आयात करायचा हे ठरवणारी खूण) सारखा ठेवून प्रत्येक पीईवर आरडी वेगळा दिला. आरडीचे ८ बाइट बदलल्याने आरडी आणि आयपीव्ही४ पत्ता मिळून होणारा १२ बाइटांचा व्हीपीएनव्ही४ पत्ताही वेगळा झाला आणि पीई-३ला दोन्ही मार्ग दिसू लागले.

खरी अडचण यापुढची आहे. पीई-१ मुख्य आणि पीई-२ राखीव ठेवायचा असल्याने पीई-१वर ग्राहकाकडून येणाऱ्या मार्गांचा लोकल प्रेफरन्स (जितका मोठा, तितकी मार्गाला पसंती अधिक) २०० केला. पीई-२वर तो मूळचा १००च आहे. हा बदल होताच पीई-२चा मार्ग पीई-३वरूनच नव्हे, तर रिफ्लेक्टरवरूनही नाहीसा झाला, आणि तेही पीई-२चे ग्राहकाशी असलेले सत्र व्यवस्थित चालू असताना. मार्ग दुय्यम ठरावा हे समजते, पण तो मुळात दिसेनासा का व्हावा? पीई-१ची जोडणी तुटली की पीई-३कडील वाहतूक काही काळ खंडित होते, मग राखीव जोडणी ठेवून उपयोग काय? रिफ्लेक्टरवर ॲड-पाथ (एकाच पत्त्याचे एकाहून अधिक मार्ग जाहीर करण्याची सुविधा) चालू केल्यास हे सुटेल का?

प्रतिसाद १

रिफ्लेक्टरला हात लावू नका. त्याच्याकडे जो मार्ग येतच नाही, तो ॲड-पाथनेही पुढे जाणार नाही. निर्णय पीई-२वर होतो आहे. आरटी सारखा असल्याने पीई-१चा मार्ग पीई-२च्या व्हीआरएफमध्येही आयात होतो आणि तेथे त्याची स्पर्धा ग्राहकाकडून थेट आलेल्या मार्गाशी होते. ईबीजीपीला आयबीजीपीपेक्षा (एकाच जाळ्यातील राउटरांमधील बीजीपीपेक्षा) पसंती मिळते हे खरे, परंतु लोकल प्रेफरन्सची तुलना त्याच्या कितीतरी आधी होते. त्यामुळे २००चा मार्ग जिंकतो. बीजीपी मूळ मांडणीत फक्त सर्वोत्तम मार्गच जाहीर करते, आणि आयबीजीपीने शिकलेला मार्ग पीई-२ रिफ्लेक्टरला परत सांगत नाही. परिणामी त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही आणि आधीची जाहिरातही तो मागे घेतो. लोकल प्रेफरन्सऐवजी एमईडी (मार्गाला जोडलेला, कमी असल्यास पसंतीचा ठरणारा आकडा) वापरला तरी हेच घडेल, कारण ती पायरीसुद्धा ईबीजीपी-आयबीजीपी तुलनेच्या आधी येते.

यावर पीई-२वर ‘बेस्ट एक्स्टर्नल’ सुविधा चालू करणे हा माझ्या मते योग्य उपाय आहे. तिच्यामुळे सर्वोत्तम मार्ग आयबीजीपीचा असला, तरी बाहेरून मिळालेल्यांपैकी सर्वोत्तम मार्ग पीई-२ जाहीर करत राहतो. पॅकेट कुठे पाठवायचे हे पीईला सांगणारे एमपीएलएस लेबल कसे दिले जाते, ते मात्र आधी तपासा. संपूर्ण व्हीआरएफसाठी एकच लेबल असेल, तर पीई-२वर आलेल्या पॅकेटचा शोध पुन्हा व्हीआरएफच्या तक्त्यात घेतला जातो, आणि पीई-१चा मार्ग मागे घेतल्याची सूचना तोवर पीई-२ला मिळालेली नसेल, तर ते पॅकेट पीई-१कडेच परत जाऊन थोडा वेळ लूप होईल.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरणाशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्या उपकरणांवर ती सुविधा नसेल, तर पीई-१ आणि पीई-२वर लोकल प्रेफरन्स समान ठेवावा, पीई-१च्या मार्गांना एक कम्युनिटी (मार्ग ओळखण्यासाठीची खूण) जोडावी आणि पीई-३वर व्हीआरएफमध्ये आयात करताना तिच्या आधारे त्यांना २०० द्यावे. मग पीई-२वर ईबीजीपीचा मार्ग जिंकेल आणि तो जाहीर होत राहील. मात्र अशा मांडणीत पीई-२लाच जोडलेली ग्राहकाची इतर केंद्रे राखीव जोडणीवरूनच वाहतूक पाठवतील. तिची क्षमता कमी असल्यास हा पर्याय निवडू नये.